पान बुडण्याआधी

परसातल्या तळ्याचं पाणी बिघडायला सुरुवात होते ती वरून. गुलमोहराच्या पाकळ्या, आंब्याचा मोहर, परागकण, धूळ, माशांच्या खाद्याचा तेलकट तवंग हे सगळं आधी पाण्यावर तरंगत असतं. पृष्ठताणामुळे हलकं पान तासन्‌तास वर राहतं. मग ते भिजतं, जड होतं, तळाशी जाऊन कुजू लागतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, अमोनिया सुटतो, पुढे त्याचं नायट्रेट होतं आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. पान बुडण्याआधी ते काढून घेणं, हे स्किमरचं काम.

स्किमर म्हणजे काठात बसवलेली पेटी. तोंडाशी खाली बिजागरी असलेली तरंगती झडप, आत जाळीची टोपली, फिल्टरची चटई आणि तळाला पंप. पाहणाऱ्याला वाटतं, पंप कचरा ओढतो. पंप खरं तर फक्त पेटीतलं पाणी उपसतो. पेटीतली पातळी तळ्याच्या खाली जाते, आणि तळ्यातलं पाणी झडपेच्या कडेवरून आत सांडू लागतं. झडप तरंगती असल्याने ती कड पृष्ठभागालगतच राहते आणि आत येतो तो मुख्यतः वरचा थर. जवळ बसून पाहा: झडपेपासून हातभर अंतरावर पान रेंगाळतं, देठ वळवतं, मग एकदम वेग घेऊन आत जातं.

धरणाच्या सांडव्याचं गणित इथेही चालतं. तासाला 6,000 लिटरचा पंप आणि 20 सेंटीमीटर रुंदीची झडप असेल, तर ढोबळ हिशोबाने थराची जाडी पावणेतीन सेंटीमीटर येते. रुंदी दुप्पट केली की पावणेदोनच्या आत. थर जितका पातळ, तितका त्यात कचरा जास्त आणि स्वच्छ पाणी कमी. म्हणून नुसता मोठा पंप घेण्यापेक्षा रुंद तोंडाचा स्किमर घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

जागाही महत्त्वाची. वारा कचरा ज्या काठाला लोटतो, तिथेच पेटी हवी. धबधबा असेल तर तो समोरच्या काठावर. तळाचा गाळ आणि विरघळलेला अमोनिया मात्र स्किमरच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यासाठी तळाचा निचरा आणि जैविक फिल्टर लागतो.

मे महिन्यात तळ्याचं पाणी झपाट्याने आटतं. पातळी झडपेच्या खाली गेली की पेटीत पाणी येणं थांबतं आणि कोरडा चाललेला पंप जळू शकतो. तेव्हा पाणी वेळेवर भरा. नळाचं असेल तर क्लोरीन काढून. आणि टोपली रोज रिकामी करा. तिच्यातली पानं पाण्यातच असतात, त्यामुळे ती तिथेही कुजतातच. शिवाय माशांची पिल्लं आणि बेडकांची पोरं तिच्यात अडकतात. रोज पाहिलं तर ती जिवंत परत सोडता येतात.