ग्रीष्मातील निवास आणि औषधकोठी

ग्रीष्मात बल क्षीण होते, अग्नी मंदावतो, वाताचा संचय होतो. त्यानुसार आपण रुग्णास आहार सांगतो. तो दिवसभर कोणत्या छपराखाली बसणार, हे मात्र क्वचितच विचारतो. चरकाचार्यांनी दिवसा शीतगृहात व रात्री वारा खेळणाऱ्या गच्चीवर निद्रा सांगितली आहे. वाग्भटांच्या वर्णनात सुगंधी शीत जलाने भिजविलेले पडदे येतात. वाळ्याची तट्टी आणि आजचा कूलर यांचे तत्त्व तेच: पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते.

मोहाडी तालुक्यात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा अतिशय कोरडी असते. म्हणूनच नवतप्यात कूलर येथे उत्तम चालतो. मात्र खिडक्या बंद करून तो लावणे व्यर्थ होय. दमट हवा बाहेर पडण्यास समोर वाट हवी. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, अन्यथा डासांची पैदास होते.

जुन्या कवेलूच्या घरात फटींतून उष्ण हवा वर निघून जाई व जाड मातीच्या भिंतीतून ताप आत येण्यास सायंकाळ होई. टिनाचे छप्पर क्षणात तापते. सिमेंटचा स्लॅब दिवसभराचा ताप साठवून रात्री खाली सोडतो, आणि वृद्धांची झोप जाते ती येथे. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. धानाच्या या मुलुखात तणसाला तोटा नाही. परंतु ती टिनावर पसरताना आगीचे भय विसरू नये. सकाळी नऊच्या आत दारे-खिडक्या लावून सूर्यास्तानंतर उघडाव्यात. पारा चाळिशीपुढे गेल्यावर नुसता पंखा म्हणजे भात्याचा वारा; अंग ओल्या पंचाने पुसत राहिले तरच त्याचा उपयोग. अंग तापलेले असून रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी तोंडाने पन्हे वा सरबत पाजू नये.

आता औषधकोठी. वेष्टनावर आपण ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापतो. कूलर यातील पहिली अट पाळतो आणि दुसरी मोडतो. लवणभास्कर चूर्ण, यवक्षार, शर्करायुक्त सितोपलादि ही द्रव्ये ओल ओढून घेतात व त्यांचे खडे होतात. उलट केवळ उष्णतेने गुग्गुळाच्या गोळ्या मऊ होऊन चिकटतात, कापूर उडून जातो, संधान अपूर्ण राहिलेल्या आसवारिष्टांची बुचे उडतात. यास्तव रुग्ण बसतात त्या खोलीत कूलर असावा. कोठी घराच्या मध्यभागी वा उत्तरेस, स्लॅबखाली छत घातलेली व कूलरच्या झोतापासून दूर असावी. चूर्णे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, गुग्गुळकल्प खालच्या फळीवर ठेवावेत, कारण छताजवळची हवा अधिक तापलेली असते. मृगाच्या सरी आल्या की कूलर हवा थंड करीत नाही, केवळ ओल वाढवितो. तेव्हा तो बंद करावा.