हिरवा तुडतुडा नेमका कोणता?

दिवाळीच्या सुमारास अंगणातल्या दिव्याभोवती बारीक हिरवे किडे गर्दी करतात आणि सकाळी दिव्याखाली त्यांचा सडा पडलेला दिसतो. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना डिंभे धरणाच्या पुढे भातखाचरे लागतात. तिथल्या शेतकऱ्यांना हे हिरवे तुडतुडे चांगलेच ठाऊक आहेत. बंगालमध्ये ते कालीपूजेच्या दिवसांत दिव्यांवर येतात, म्हणून त्यांना 'श्यामापोका' म्हणजे श्यामेचा किडा म्हणतात.

नाव एक असले, तरी 'हिरवा तुडतुडा' ही एकच जात नाही. भारतात भातावर नेफोटेटिक्स वंशाच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात: व्हायरेसेन्स आणि नायग्रोपिक्टस. दोन्हींची लांबी साधारण चार-पाच मिलिमीटर, दोन्ही पोपटी आणि दोन्हींच्या नरांच्या पंखांची टोके काळी. त्यांच्यातला मोठा फरक आहे तो रोग पसरवण्याच्या क्षमतेत. भाताचा 'तुंग्रो' हा विषाणूजन्य रोग सर्वांत प्रभावीपणे पसरवते ती व्हायरेसेन्स. नायग्रोपिक्टसची ही क्षमता बरीच कमी आहे, शिवाय तिचा ओढा बांधावरच्या आणि खाचरातल्या गवताकडे अधिक असतो.

तुंग्रोमध्ये पाने पिवळी-नारिंगी होतात, रोप खुजे राहते आणि लोंब्या नीट भरत नाहीत. हा रोग दोन विषाणू मिळून घडवतात. तुडतुडा रोगट रोपाचा रस शोषतो, मग निरोगी रोपावर बसतो आणि विषाणू तिथे पोचवतो. त्याच्यापाशी विषाणू काही दिवसच टिकतो आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही.

मग ओळखायचे कसे? आधी मागचा पाय पाहावा. हिरव्या तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. तपकिरी तुडतुडा आणि पांढऱ्या पाठीचा तुडतुडा हे वेगळ्या कुळातले. त्यांच्या नडगीच्या टोकाला एक मोठा, हलणारा काटा असतो. जागाही वेगळी: हिरवे तुडतुडे बहुधा वरच्या पानांवर, तर तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर. नुसती पानांवर फवारणी केली, तर बुंध्याशी बसलेले तुडतुडे वाचतात.

हिरवा तुडतुडा आहे हे ठरले, की त्याचे डोके पाहावे. नायग्रोपिक्टसच्या माथ्यावर पुढच्या कडेला समांतर अशी काळी पट्टी असते. व्हायरेसेन्सच्या माथ्यावर ती नसते. त्यानंतर पंख. नरांच्या पंखांच्या मध्यावर काळा ठिपका असतो. नायग्रोपिक्टसमध्ये तो पंखाच्या आतल्या भागाच्या सांधरेषेला टेकतो, व्हायरेसेन्समध्ये अलीकडेच थांबतो. काही किड्यांत हे डाग फिकट असतात आणि माद्यांत तर ओळख आणखी अवघड होते. म्हणून एका किड्यावरून निष्कर्ष न काढता बरेच नर पाहावेत. खात्रीची ओळख नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून, सूक्ष्मदर्शकाखालीच होते. या जातींच्या नावांचा घोळ शास्त्रज्ञांमध्येही बराच काळ होता. १९७१ मध्ये एम. एस. के. घौरी यांनी या वंशाची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि तो बराच निवळला.

आणखी एक हिरवा किडा शेतात असतो, तो मात्र मित्र आहे. सिर्टोरायनस हा मिरिड ढेकूण आकाराने लहान, हिरवा-काळा आणि लांब मिशांचा असतो. तो तुडतुड्यांची अंडी आणि पिल्ले खातो. घाईत त्यालाच शत्रू समजून फवारणी केली, तर उरलेल्या तुडतुड्यांना मोकळे रान मिळते. काही कीटकनाशकांच्या वापरानंतर तपकिरी तुडतुडे उलट वाढल्याचे आशियातल्या भातशेतीत वारंवार दिसले आहे. शिवाय फवारणी करणाऱ्याच्या नाकातोंडात आणि अंगावर विष जाते ते वेगळेच.

भारतात तुंग्रोचे मोठे तडाखे पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भातपट्ट्यांना बसले आहेत. तेव्हा आपल्याकडे चार हिरवे तुडतुडे दिसले म्हणून लगेच पंप उचलायचे कारण नाही. नुसती पाने पिवळी पडली म्हणून तुंग्रोच झाला, असेही नाही. नत्र किंवा जस्त कमी पडले तरी पाने पिवळी होतात. पण खाचरात ठिकठिकाणी खुजे, पिवळे-नारिंगी चूड दिसले आणि सोबत माथ्यावर पट्टी नसलेले तुडतुडे सापडले, तर दुर्लक्ष करू नये.

अशा वेळी दिव्याखाली पांढरा कागद पसरून किडे गोळा करावेत, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून माथा आणि पंख पाहावेत आणि मोबाइलने जवळून फोटो काढावा. शंका उरली, तर किडे एका बाटलीत आणि रोगट रोप वेगळ्या पिशवीत घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. औषधाची निवड त्यानंतर.