शौचावरचा ताबा सुटतो? लाज नको, उपचार हवा

रक्तदाब, मधुमेह यांविषयी रुग्ण मोकळेपणाने बोलतात. पण शौचावर ताबा राहत नाही, ही तक्रार घेऊन स्त्रिया दवाखान्यात क्वचितच येतात. ‘पोट बिघडलंय’ किंवा ‘मूळव्याध आहे’ एवढेच सांगतात. ‘कधी कपडे खराब होतात का?’ असे मी सरळ विचारले, की मग मान खाली घालून ‘हो’ म्हणतात.

हा विकार दुर्मिळ नाही. जगभरातील पाहण्या एकत्र केल्या असता साधारण दर १२ प्रौढ व्यक्तींमागे एकीला तो आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक असून वयाबरोबर ते वाढते.

असे का होते? गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावावा लागल्यास, ती फाटू शकतात किंवा त्यांच्या नसा ताणल्या जातात. तरुणपणी ही उणीव झाकली जाते. पाळी गेल्यानंतर ती जाणवू लागते. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मधुमेहानेही नसा कमजोर होतात. जुनाट बद्धकोष्ठात आत खडा साचतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. घरचे त्याला जुलाब समजून गोळी देतात आणि त्रास वाढतो!

अशी स्त्री एसटीचा प्रवास, लग्नकार्य, हळदीकुंकू टाळू लागते. बाहेर जायचे म्हणून उपाशी राहते. सततच्या ओलाव्याने कातडी सोलवटते. घरच्यांना मात्र वाटते, आई माणूसघाणी झाली.

उपाय पुष्कळ आहेत. न्याहारीनंतर रोज ठरावीक वेळी शौचास बसावे. मळ पातळ असल्यास इसबगोल उपयोगी पडते. वारा रोखून धरावा तसे गुदद्वार आवळून पाच सेकंद धरावे व सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. त्यानेही भागले नाही तर औषधे व शस्त्रक्रिया आहेत. मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा शौचाची सवय अचानक बदलणे, अशी लक्षणे असल्यास तपासणी लांबवू नये. पाय किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

भगिनींनो, हा वयाचा भोग नव्हे. डॉक्टरांना एक वाक्य सांगा. पुढचे प्रश्न ते विचारतील.