मंगळवार आला की लिहायचं!



"बाई, काहीच सुचत नाहीये."

निबंधाच्या तासाला हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक सापडणार नाही. खरं सांगू? आपलंही तेच होतं. शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा असतो, तारीख ठरलेली असते आणि आपण म्हणतो, "जरा निवांत वेळ मिळाला की लिहू." तो निवांत वेळ काही येत नाही. मग आदल्या रात्री कसंबसं लिहून मोकळं व्हायचं! त्यात कसला आला आनंद?

आमची शाळा नारायण पेठेत. जाता-येता केसरीवाडा दिसतो. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी निघाला. पहिले संपादक आगरकर, पुढे टिळक. 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' हा गाजलेला अग्रलेख ६ जुलै १८९७ चा, तोही मंगळवारच. साप्ताहिक म्हटलं की वार ठरलेला. त्या दिवशी वाचक अंकाची वाट पाहणार, मग "आज मूड नाही" म्हणून कसं चालेल?

पण ठरलेला वार नुसता धाक नसतो, तो एक सोयही करतो. "लिहू की नको, आज की उद्या" हा रोजचा झगडा संपतो. लिहायचंच आहे, मग काय लिहायचं एवढाच प्रश्न उरतो. आणि हा आठवडा साधाच गेला, तरी पुढचा मंगळवार असतोच!

आता हरिभाऊ आपट्यांचं उदाहरण पाहा. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. यमूचं पुढे काय होणार, याची वाट पाहणारे वाचक समोर होते. कोणीतरी वाट पाहतंय ही जाणीव लिहिणाऱ्याला बळ देते. मुलांच्या निबंधाची वाट कोण पाहतं? फक्त आपलं लाल पेन! इथेच खरी गोम आहे.

दुसरी गोष्ट साठवणीची. 'गीतारहस्य' टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, सुमारे पाच महिन्यांत लिहिलं. पण त्यामागे कित्येक वर्षांचं वाचन आणि चिंतन होतं. घडा भरलेला असला की ओतायला वेळ लागत नाही.

हे लक्षात घेऊन मी सातवीत एक साधा प्रयोग केला:

१. दर मंगळवारी वीस मिनिटं लेखन. वार बदलायचा नाही.
२. आठवडाभर 'साठवण वही'त रोज एकच ओळ: पाहिलेलं, ऐकलेलं, खाल्लेलं, काहीही.
३. मंगळवारी त्यातली एक ओळ निवडून दहा-बारा ओळी लिहायच्या.
४. कोणासाठी लिहितोय ते वर लिहायचं: आजी, मित्र, शेजारचे काका. घरी जाऊन त्यांना वाचून दाखवायचं.
५. लाल पेन महिन्यातून एकदाच. एरवी बाईंनी खाली फक्त एक प्रश्न लिहायचा.

वर्गातला एक मुलगा 'माझी सहल' या विषयावर नेहमी कोरी वही द्यायचा. मी त्याला आळशी समजत होते. चौथ्या मंगळवारी त्याने बाबांसाठी लिहिलं. बाबा बाइंडिंगचं काम करतात, रात्री पुस्तकांना खळ लावतात, हात कितीही धुतले तरी वास जात नाही, आणि तो वास आला की बाबा घरी आले हे झोपेतही कळतं. तो कधी सहलीला गेलाच नव्हता, हे मला तेव्हा समजलं! त्याच्याकडे शब्द होते, आम्ही विषय चुकीचा देत होतो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, बाबा विचारत होते, पुढच्या मंगळवारी काय लिहिणार?"

पालकहो, एवढंच करा. "निबंध झाला का?" असं विचारण्याऐवजी "आज काय लिहिलंस, वाचून दाखव ना" असं म्हणा. आणि शिक्षकांनो, मुलं लिहीत असतील ती वीस मिनिटं आपणही वही उघडून लिहायला बसू या. मी बसते. माझा हा लेखही असाच एका मंगळवारी लिहिलेला आहे.