परदेशातून रबाळ्यात किराणा

लेक लंडनला, आईबाबा रबाळ्यात. घरातली तूरडाळ संपत आल्याचं फोनवर कळतं आणि लेक तिथूनच किराण्याचं अ‍ॅप उघडते.

पहिलं काम पत्त्याचं. फोन आपण आहोत तिथलं ठिकाण धरतो, म्हणून नकाशावरची खूण हाताने रबाळ्यात आणावी लागते. रबाळे हे ऐरोली आणि घणसोलीच्या मधलं रेल्वे स्थानक; एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने, दुसरीकडे गावठाण आणि वसाहती. खूण चुकली तर पिशवी भलत्याच गेटवर जाते. शिवाय झटपट सामान देणारी अ‍ॅप जवळच्या छोट्या गोदामातून माल काढतात. त्यामुळे कोणता माल दिसणार, हेही त्या खुणेवरच ठरतं.

दुसरं काम पैशाचं. परदेशी कार्ड सगळीकडे चालतंच असं नाही. २०२३च्या जानेवारीत ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातींसह दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांना यूपीआयची वाट मोकळी झाली. त्यासाठी भारतीय बँकेत अनिवासी भारतीयांसाठीचं एनआरई किंवा एनआरओ खातं हवं आणि त्या बँकेने ही सोय दिलेली हवी.

संपर्कासाठी आईबाबांचाच क्रमांक द्यावा, कारण सामान आणणारा मुलगा दाराशी आल्यावर फोन करतो. वेळही सांभाळावी: लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

पहिली ऑर्डर लहानच करावी: डाळ, साखर, चहा. कोथिंबीर मात्र आईच्या भाजीवाल्याकडूनच येऊ द्यावी. तो भाजीच्या भावासोबत खबरबातही देतो.