प्लॅटियाच्या रणांगणावर सुती कपडे घातलेले कोण होते?

जर्मनीत शाळा केली असेल, तर 'पेर्झरक्रीगे' हा धडा तुम्हाला चुकलेला नसणार. इ.स.पू. ४९० मॅरेथॉन, ४८० थर्मोपिली आणि सॅलॅमिस, ४७९ प्लॅटिया. वर्गात गोष्ट साधारण अशी असते: मूठभर ग्रीक, समोर पर्शियाच्या झर्क्सिसची अफाट फौज, आणि युरोप थोडक्यात वाचला. तत्त्वज्ञ हेगेल तर बर्लिनच्या व्याख्यानांत सांगत, की तेव्हा जगाचा इतिहासच तराजूत होता.

मग प्रश्न असा, की या गोष्टीत आपण कुठे बसतो?

हेरोडोटसने झर्क्सिसच्या सैन्याची लांबलचक यादी दिली आहे. त्यात भारतीयही आहेत: अंगात सुती कपडे, वेताची धनुष्यं, वेताचेच बाण आणि बाणांना लोखंडी टोकं. सॅलॅमिसला आरमार हरल्यावर झर्क्सिस परत फिरला, तेव्हा सेनापती मार्दोनियसने निवडक फौज मागे ठेवली. तिच्यातही हे भारतीय होते आणि पुढच्या वर्षी ते प्लॅटियाला उभे राहिले.

ही माणसं सिंधूच्या खोऱ्यातली. तो प्रदेश झर्क्सिसच्या वडिलांनी, म्हणजे पहिल्या दारयुशने जिंकलेला होता; पर्शियन शिलालेखांत त्याचं नाव 'हिंदुश'. तेव्हा 'आपले मावळे' म्हणून कॉलर ताठ करायचं कारण नाही. पण 'पूर्व विरुद्ध पश्चिम' ही सरळ रेघही खरी नाही. सॅलॅमिसला झर्क्सिसच्या बाजूने आयोनियाच्या ग्रीकांची जहाजं लढली. प्लॅटियाला थीब्ज हे ग्रीक शहरच पर्शियाकडून उतरलं. आणि हरलेलं पर्शियन साम्राज्य बुडालं नाही; अलेक्झांडर येईपर्यंत ते आणखी जवळजवळ दीडशे वर्षं टिकलं.

मग ती रेघ आली कुठून? या युद्धांची सलग हकिकत आपल्याकडे फक्त ग्रीकांची आहे. पर्शियन बाजूने लिहिलेली अशी कथा उरलेलीच नाही. जिंकणाऱ्याचं ऐकून हरणाऱ्याला ओळखायचं, ही अडचण आपल्याला नवी नाही.

तरी दुसऱ्या बाजूच्या खुणा शब्दांत सापडतात. भारतात झाडांना लोकर लागते, असं हेरोडोटस लिहितो. कापसाला जर्मन आजही 'बाउमवोले', म्हणजे झाडाची लोकर, म्हणतात. पर्शियन लोक ग्रीकांना आयोनियावरून 'यौन' म्हणत. आपला 'यवन' त्याच घराण्यातला. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. पुढे मराठीत हाच शब्द मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. 'परका' कोण, हे काळानुसार कसं बदलतं, ते या एका शब्दात दिसतं.

तेव्हा वर्गात कुणी 'आपण जिंकलो' म्हणालं, तर भांडू नका. सुती कपड्यांतल्या त्या धनुर्धरांबद्दल विचारा. गोष्ट तिथून जास्त खरी होते.