‘स्वादुपिंड नीट दिसले नाही’

सोनोग्राफीच्या अहवालात “आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही” असे वाक्य आढळले की रुग्ण नाराज होतो. यंत्र जुने असावे वा तपासणी घाईत झाली असावी, असे त्यास वाटते. क्वचित तसे असेलही; परंतु बहुधा तो ध्वनिशास्त्राचा नियमच असतो.

२०,००० हर्ट्झच्या पुढील ध्वनी मानवी कानास ऐकू येत नाही. पोटाच्या तपासणीत साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० ते ५० लक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. दाबाने स्फटिकात वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. प्रोबचे कार्य त्यावरच चालते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. त्यामुळे १० सें.मी. खोलीवरील प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांत परततो, आणि या वेळेवरूनच यंत्र अंतर ठरविते.

प्रतिध्वनी उठतो तो दोन ऊतींच्या सीमेवर. पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनिवेग यांचा गुणाकार म्हणजे त्याचा ध्वनिरोध. दोन बाजूंच्या ध्वनिरोधांत जितकी तफावत, तितके परावर्तन अधिक. चरबी व स्नायू यांच्या सीमेवरून जेमतेम १ टक्का ऊर्जा परतते. उरलेली पुढे जाते, म्हणून तर खोलवरचे अवयव दिसतात! मऊ ऊती आणि हवा यांच्या सीमेवर मात्र ९९.९ टक्के ऊर्जा माघारी फिरते. त्वचेवर जेल लावतात ते मधली हवा घालविण्यासाठीच. जठर व आतड्यांतील हवेला असा उपाय नाही, आणि स्वादुपिंड नेमके त्यांच्यामागे दडलेले.

कंप्रता वाढविल्यास चित्र अधिक रेखीव येते, पण ध्वनी लवकर क्षीण होतो. दर सें.मी.ला दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल ऱ्हास धरला, तर १० सें.मी. खोल जाऊन परतताना ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तीव्रता सुमारे तीन हजारांश उरते. १० मेगाहर्ट्झच्या ध्वनीची हजार कोटींश! हवेपुढे तर दोन्ही हतबल.

अशा वेळी रुग्णास पाणी पाजून, कुशीवर वळवून किंवा बसवून पुन्हा पाहतात. पाण्याने भरलेले जठर ध्वनीला खिडकीसारखे उपयोगी पडते. तरीही दिसले नाही, तर ‘दिसले नाही’ म्हणजे ‘दोष नाही’ असे कोणी समजू नये. लक्षणे संशयास्पद असल्यास सी.टी. स्कॅन करावा; क्ष-किरणांना हवेचा असा अडथळा होत नाही.